वामनदादा कर्डक : अक्षरे उशिरा भेटलेला महाकवी

दरवर्षी २० मार्चला मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडून आम्ही महाडला चवदार तळ्यावर जातो. गाडीत ढोलकी असते आणि गाणी बहुतेक वामनदादांची. गाणाऱ्या पोरांना मात्र कवीचे नाव ठाऊक असतेच असे नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. बाबासाहेबांनी १९२७ साली तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा वामन पाच वर्षांचाही नव्हता. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिला, समता सैनिक दलात सामील झाला. एकदा चाळीतल्या कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले आणि वामनला रडू कोसळले. अंगापिंडाने धडधाकट तरुण, पण अक्षर येईना! मग देहलवी नावाच्या गुरुजींनी त्याला मुळाक्षरे शिकवली. जोडाक्षरे तो रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून शिकला.

पहिले गीत लिहिले ते १९४३ साली, तेही एका हिंदी गाण्याचे विडंबन. लोक हसले, आणि वामनला आपल्या हाती काय आहे ते कळले. त्याच वर्षी त्याने बाबासाहेबांना पाहिले. तिथून पुढे सहा दशके दुसरा विषय फारसा उरला नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध आणि बावीस प्रतिज्ञांचा विचार वाड्यावस्त्यांवर पोहोचला, तो पुस्तकांच्या आधी गायन पार्ट्यांतून. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी लिहिणारा हा माणूस स्वतः तिथूनच आला होता, त्यामुळे त्याची भाषा कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

संसारात दुःखच जास्त. मुलगी लहानपणीच गेली. गाण्यांनी पैसाही दिला नाही. अनेक गायकांनी ती गायली, आणि कवीचे नाव वाटेतच गळून पडले. आम्हाला हे चोरीइतकेच लागते. डीजेच्या भिंतीपुढे नाचताना तर शब्दही ऐकू येत नाहीत!

'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे गीतसंग्रह, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन. १५ मे २००४ रोजी दादा गेले. येत्या २० मार्चला आमच्या गाडीत ढोलकीवर थाप पडण्याआधी कवीचे नाव घ्यायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.