डॉ. गिरींद्रशेखर बोस : मनोविज्ञानाचे स्वतंत्र उपासक

परकीय विद्या आत्मसात करावी, पण आपली बुद्धी तिच्या स्वाधीन करू नये, हे सांगणे सोपे, आचरणे कठीण. कलकत्ता विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी ते आयुष्यभर आचरले.

त्यांचे वडील दरभंगा संस्थानात दिवाण होते. 'परशुराम' या नावाने विनोदी कथा लिहिणारे आणि 'चलंतिका' या बंगाली शब्दकोशाचे कर्ते राजशेखर बोस हे त्यांचे ज्येष्ठ बंधू. गिरींद्रशेखरांना तरुणपणापासून जादूचे प्रयोग व संमोहनविद्या यांचा नाद होता. १९१० साली वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी व्यवसाय आरंभिला. परंतु शरीर निरोगी असूनही मनाच्या व्यथेने झिजणारे रुग्ण त्यांना स्वस्थ बसू देईनात. विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन नुकतेच सुरू झाले होते. दवाखाना सांभाळून ते पुन्हा विद्यार्थी झाले, एम.एस्सी. झाले आणि त्याच विभागात शिकवू लागले.

मनात दडपल्या जाणाऱ्या इच्छांविषयीच्या प्रबंधावर त्यांना १९२१ साली डी.एस्सी. मिळाली. तो ग्रंथ त्यांनी व्हिएन्नास फ्रॉइडकडे धाडला आणि दोघांत दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९२२ साली पारसीबागान गल्लीतील आपल्या घरीच त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली.

फ्रॉइडविषयी नितांत आदर असूनही बोस त्यांचे केवळ अनुयायी राहिले नाहीत. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरुद्ध इच्छा दडलेली असते, प्रहार करू पाहणाऱ्याच्या मनात प्रहार सोसण्याचीही सुप्त वासना असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पित्याच्या भीतीला फ्रॉइडने दिलेले महत्त्व भारतीय रुग्णांच्या बाबतीत तितके लागू पडत नाही, हेही त्यांनी निःसंकोच कळविले. ही मते फ्रॉइडना पुरती पटली नाहीत. पण स्नेहात बाधा आली नाही. १९३१ साली, फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने पाठविलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्यांच्या लेखनाच्या मेजावर विराजमान झाली.

बोस यांची विद्या ग्रंथांत कोंडून राहिली नाही. मनोरुग्णास वेडा ठरवून दूर लोटण्याच्या त्या काळात त्यांनी १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९४० साली 'लुंबिनी पार्क' हे मनोरुग्णालय उभे राहिले; त्यासाठी जागा राजशेखरांनी दिली.

त्यांच्या आवडीही बहुविध होत्या. पुराणांतील राजवंशांचा कालक्रम लावण्यासाठी त्यांनी 'पुराणप्रवेश' लिहिला, गीतेचे विवेचन केले, सामान्य वाचकांसाठी 'स्वप्न' हे पुस्तक लिहिले आणि मुलांसाठी लाल व काळ्या मुंग्यांच्या युद्धाची 'लाल कालो' ही कथा रचली. हे सारे लेखन बंगालीत आहे. फ्रॉइडशी इंग्रजीतून वाद घालणाऱ्या या प्राध्यापकाला आपल्या भाषेतील वाचकाचा विसर पडला नाही.

३ जून १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. गुरुस्थानी मानलेल्या पुरुषाशी मतभेद कसा करावा आणि तरीही नाते कसे जपावे, याचा वस्तुपाठ त्यांच्या चरित्रात आहे.