पोटातली खिडकी : डॉ. विल्यम बोमाँट

थोरांची ओळख या सदरात ह्या खेपेला लिहायची पाळी माझी आहे. मी डॉ. विल्यम बोमाँट यांची माहिती निवडली. आपण खाल्लेल्या घासाचे पोटात काय होते, ते त्यांनी जिवंत माणसाच्या पोटात डोळ्यांनी पाहिले!

बोमाँट यांचा जन्म २१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील लेबनन या गावी झाला. वडील शेतकरी होते. मुलाने काही काळ शाळेत मास्तरकी केली. मग एका डॉक्टरच्या हाताखाली राहून वैद्यकी शिकली. १८१२ साली परवाना मिळाला आणि ते लष्करात गेले. १८२० मध्ये त्यांची नेमणूक ह्युरॉन सरोवरातील मॅकिनॅक बेटावर झाली. तेथे केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार चाले.

६ जून १८२२ ला त्या बेटावरच्या दुकानात एकाच्या बंदुकीतून चुकून बार उडाला. तो अगदी जवळून लागला अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडातल्या तरुण नावाड्याला. बरगड्या मोडल्या, फुप्फुस फाटले, जठराला भोक पडले. तो जगेल असे वाटत नव्हते, पण डॉक्टरांनी मलमपट्टी सोडली नाही. पुढे त्याच्या खर्चाला मिळणारी मदत बंद झाली, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतले.

अलेक्सिस वाचला, पण भोक काही बुजले नाही. त्याच्या कडा वरच्या कातडीला चिकटून बसल्या. म्हणजे पोटाला खिडकीच झाली म्हणा ना! त्या काळी जठरात अन्न शिजते, की दळले जाते, की कुजते, याबद्दल विद्वानांत एकमत नव्हते. डॉक्टरांच्या लक्षात आले, की उत्तर आपल्या घरातच आहे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी त्यांनी मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभराने ओढून पाहतात तो पाव नि कोबी निम्मे विरघळलेले! नंतर त्यांनी जठरातला रस काढून बाटलीत घेतला, त्यात मांस टाकले आणि बाटली अंगाच्या उष्णतेइतकी गरम ठेवली. बाटलीतही मांस विरघळले, फक्त वेळ जास्त लागला. यावरून सिद्ध झाले, की जठरात अन्न कुजत नाही. जठररस त्याला विरघळवतो. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. १८३६ साली श्वान या जर्मन शास्त्रज्ञाला त्यातच पेप्सिनही सापडले.

आता आपल्या जेवणाचा प्रवास पाहू. तोंडात दात घास बारीक करतात. लाळेमुळे भाकरीतल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणूनच भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते, करून पाहा बरं का! मग घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठर तो घुसळते. आम्ल आणि पेप्सिन मिळून डाळीतली, अंड्यातली प्रथिने तोडतात. पातळ झालेले अन्न थोडे थोडे लहान आतड्यात जाते. तेथे पित्त व स्वादुपिंडाचा रस पुढचे काम करतात.

डॉक्टरांनी वेळाही मोजल्या. शिजवलेला भात सुमारे १ तासात, उकळलेले दूध २ तासांत, तर कडक उकडलेले अंडे साडेतीन तासांत जठरात पचले. बारीक चावलेले लवकर पचते आणि माणूस रागावला की जठराचे काम बिघडते, हेही त्यांना दिसले. १८३३ साली त्यांनी हे सारे पुस्तकात छापले. २५ एप्रिल १८५३ रोजी सेंट लुईस येथे त्यांचे निधन झाले.

पण मित्रांनो, मला अलेक्सिसबद्दलही लिहायचे आहे. पोटात दोरे सोडून घेणे त्याला आवडत नसे. कधी कधी दुखे, कसेतरी होई. मध्येच तो कॅनडात निघून गेला, तेथे लग्न केले, नंतर बायकामुलांना घेऊन परत आला. डॉक्टरांकडे तो लाकडे फोडण्याचेही काम करी. १८३२ साली वर्षाला १५० डॉलर आणि राहणे-जेवण असा करार झाला. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून कागदावर त्याने नुसती फुली मारली. त्याच्या पोटाचा उपयोग जगाला झाला, पण तो गरीबच राहिला. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी प्रेत नेऊ नये म्हणून घरच्यांनी ते खूप खोल पुरले.

डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला हे खरे, नि त्याच्या गरजेचा फायदा घेतला हेही खरे. आज डॉक्टरांना कोणावर प्रयोग करायचा असेल तर आधी त्याला सगळे समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. मला वाटते, ही रीत योग्यच आहे. पुस्तकावर नाव बोमाँट यांचे आहे. पण पचनाचा धडा शिकताना आपण दोघांचीही नावे घ्यावीत.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी