डॉक्टर पॅट्रिक रसेल

आमच्या नाशिक जिल्ह्यांत पावसाळा लागला कीं घोणशीचें नांव शेतकऱ्यांच्या घरीं वरचेवर ऐकूं येतें. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, चाल मंद, पण डिवचली असतां कुकरच्या शिटीसारखा फूत्कार टाकणारी ही जात. कोणी तिला अजगराचें पिलूं समजून हात लावतो व प्राणांवर बेततें. इंग्रजींत या सापास ज्या गृहस्थांचें नांव आहे, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

पॅट्रिक रसेल यांचा जन्म १७२७ सालीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं झाला. वैद्यकीचें शिक्षण घेऊन ते सीरियांतील अलेप्पो येथें गेले. तेथें त्यांचे सावत्र बंधु अलेक्झांडर हे इंग्रज व्यापाऱ्यांचे वैद्य होते. त्यांच्यामागून तें काम पॅट्रिक यांजकडे आलें. १७६० ते १७६२ या काळांत त्या शहरीं प्लेगनें कहर केला, तरी ते तेथेंच राहिले व रोगाचीं टिपणें करीत गेले. त्यांवरून लिहिलेला त्यांचा प्लेगवरील ग्रंथ १७९१ सालीं निघाला.

हिंदुस्थानांत ते आले ते सापांसाठीं नव्हेत. त्यांचे बंधु क्लॉड हे विशाखापट्टण येथें कंपनीचे अधिकारी होते. त्यांच्या सोबतीस म्हणून १७८१ सालीं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, ते निघाले. ज्या वयांत मनुष्य विसाव्याचा विचार करतो, त्या वयांत यांचें खरें काम सुरू झालें! १७८५ सालीं कंपनीनें त्यांस कर्नाटक प्रांताचे निसर्गशास्त्रज्ञ नेमलें. विषारी साप कोणता व निरुपद्रवी कोणता, हें लोकांस सहज ओळखतां यावें ही त्यांची खटपट होती. त्यासाठीं ते सापांचे दांत तपासीत व स्थानिक नांवें लिहून घेत. कुत्रीं व कोंबड्या यांस दंश करवून विषाचीं लक्षणेंही ते टिपीत. हें वाचतांना आम्हांस त्या मुक्या प्राण्यांची कीव येते. त्या काळीं भोसले राजांच्या तंजावरची एक गोळी सर्पदंशावर रामबाण म्हणून खपत असे. रसेल यांनीं ती तपासली व निरुपयोगी ठरविली.

१७८९ सालीं ते स्वदेशीं परतले. १७९६ सालीं त्यांचा हिंदी सापांवरील सचित्र ग्रंथ निघाला, व दुसऱ्याच वर्षीं घोणशीच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें नांव गोंवलें गेलें. २ जुलै १८०५ रोजीं लंडन येथें ते वारले. ते अविवाहित होते.

या विषाचा रक्ताशीं संबंध काय, हें कळण्यास पुढें बराच काळ गेला. रक्त गोठविणारे अनेक घटक साखळीच्या कड्यांप्रमाणें एकमेकांस जागें करीत जातात. हिमोफिलिया या आनुवंशिक विकारांत आठवें किंवा नववें कडें दुबळें असतें. दांत काढला तरी रक्त थांबतां थांबत नाहीं. १९३४ सालीं लंडनमध्यें मॅकफार्लेन व बार्नेट यांनीं घोणशीचें विष फार पातळ करून अशा रोग्यांच्या जखमेवर लावलें, तों रक्त थांबलें! हें विष मधलीं कडीं वगळून थेट दहाव्या घटकास चेतवितें, हें कारण मागाहून उलगडलें.

मग दंश झालेल्याचें रक्त वाहतें कां? विष अंगांत भिनलें म्हणजे गोठविणारे घटक भराभर खर्च होऊन संपतात, व हिरड्यांतून, लघवींतून रक्त येऊं लागतें. म्हणून रुग्णालयांत शिरेंतील २ मिलिलिटर ताजें रक्त कोरड्या, स्वच्छ नळींत २० मिनिटें न हलवितां ठेवतात व मग नळी एकदां तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिलें तर प्रतिविष देणें निकडीचें ठरतें. नळी कांचेचीच लागते, कारण कांचेच्या स्पर्शानें गोठण्यास चालना मिळते. प्लास्टिकची नळी फसविते. या तपासणीस यंत्र लागत नाहीं, ती लहानशा रुग्णालयांतही होते. रोग्यास आधीं मांत्रिकाकडे नेण्यांत जो वेळ जातो, तो मात्र कोणताही डॉक्टर परत देऊं शकत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

मोठ्या प्रयोगशाळांत तर हें विषच तपासणीचें साधन झालें आहे. ज्या रुग्णांच्या शिरांत अकारण गुठळ्या होतात, किंवा ज्या स्त्रियांचा गर्भ वारंवार पडतो, त्यांच्या रक्तद्रवांत अतिशय पातळ केलेलें विष मिसळून तो किती सेकंदांत गोठतो तें मोजतात. त्या चांचणीच्या इंग्रजी नांवांतही रसेल हें नांव आहे.