दिवाणखान्यातला संगणक

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नातवाने घरात एक कागद फिरवला. कागदावर आठ वस्तूंची यादी होती आणि प्रत्येकीपुढे किंमत. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट असे सगळे. दहावीची परीक्षा झाली होती आणि चिरंजीवांना गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर हवा होता. तयार नव्हे, सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडलेला. त्याच्या वडिलांनी शेवटची बेरीज पाहिली आणि कागद खाली ठेवला. आईने तर तो वाचलाच नाही. मग घरातले सगळे नामंजूर कागद येतात तसा तो माझ्याकडे आला.

बँकेत पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. कॉम्प्युटरमधले मला फारसे कळत नाही, पण अर्ज कसा वाचायचा एवढे कळते. मी त्याला समोर बसवले आणि एकेका रकमेचा खुलासा मागितला. पोराने न अडखळता दिला. गेमसाठी पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा लागतो. पण प्रोसेसर अगदीच दुबळा घेतला तर ते महागडे कार्ड त्याची वाट बघत बसून राहते. प्रोसेसर मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये बसला पाहिजे. पॉवर सप्लाय सगळ्यांना पुरून उरला पाहिजे. कार्ड लांबीला कॅबिनेटमध्ये मावले पाहिजे. सगळेच उत्तम घ्यायचे तर पैसा पुरत नाही, आणि पैसा पुरला तरी ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. मला तर तो पत्रिका जुळवतो आहे असेच वाटू लागले.

त्या रात्री मला कोनराड त्सूझेची आठवण झाली. हा जर्मन माणूस १९९५ साली वारला. आज जगात संगणकाचा जनक म्हणून ज्या चार-पाच जणांची नावे घेतात, त्यांत त्याचे नाव आहे. आणि त्याने आपला पहिला संगणक बांधला तो कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, तर आईवडिलांच्या बिऱ्हाडात, त्यांच्या दिवाणखान्यात.

पोस्टातल्या नोकरदाराचा मुलगा

कोनराडचा जन्म २२ जून १९१० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील पोस्टात नोकरीला. बदलीच्या नोकरीतल्या घरांचे होते तेच या घराचे झाले. आधी पूर्व प्रशियातले ब्राउन्सबर्ग, मग होयर्सवेर्दा. मुलाचा हात चित्रकलेत चांगला. शाळेत असतानाच मोठमोठ्या यंत्रांची आणि भविष्यातल्या शहरांची चित्रे काढायची त्याला हौस. पुढे बर्लिनच्या तंत्र महाविद्यालयात तो शिकायला आला. आधी यंत्र-अभियांत्रिकी, ती आवडेना म्हणून वास्तुकला, तीही आवडेना म्हणून अखेर स्थापत्य. मधल्यामध्ये नाटकात कामे करणे चालूच. असा मुलगा ज्यांच्या घरात आहे त्यांना त्याच्या आईवडिलांची चिंता समजावून सांगायला नको.

स्थापत्याच्या अभ्यासक्रमात पूल आणि इमारतींच्या ताकदीची गणिते असत. एका समीकरणात दुसरे अडकलेले, दुसऱ्यात तिसरे. तीच ती बेरीज, तोच तो गुणाकार, एका चौकटीतला आकडा उचलून दुसऱ्या चौकटीत न्यायचा. कोनराडने यासाठी छापील तक्ते तयार केले. तक्ते करता करता त्याच्या लक्षात आले की माणूस इथे डोके चालवतच नाही, आकड्यांची नुसती ने-आण करतो आहे. मग हे काम यंत्राने का करू नये? खातेवही हाताने लिहिण्याच्या काळात मी बँकेत लागलो. महिनाअखेरीला ताळेबंद जुळेना म्हणून रात्री दहापर्यंत बसलेल्या माणसाला त्सूझेचा हा वैताग समजायला वेळ लागत नाही.

१९३५ साली तो पदवीधर झाला आणि हेन्शेल या विमान कारखान्यात नोकरीला लागला. तिथेही तीच गणिते. वर्षभराच्या आत त्याने नोकरी सोडली आणि घरी सांगितले, मी आता गणिते करणारे यंत्र बांधणार.

आईवडिलांना हे पटले नसणार. पण त्यांनी बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागातल्या आपल्या बिऱ्हाडातली सगळ्यांत मोठी खोली त्याला दिली. निवृत्त झालेले वडील पुन्हा वर्षभर कामावर रुजू झाले. बहिणीने आपल्या पगारातून पैसे दिले. कॉलेजातल्या मित्रांनी ज्याला जमेल तशी मदत केली. कुणी पैशाची, कुणी हातांची. तारण शून्य, नोकरी शून्य, अर्जदाराला पूर्वानुभव नाही. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी तो परत पाठवला असता, हे मला इथे कबूल केले पाहिजे.

पत्र्याच्या पट्ट्या

आता प्रश्न आला सुट्या भागांचा. त्या काळची हिशेबयंत्रे दात्यांच्या चाकांवर चालत. शून्य ते नऊ असे दहा दाते, अतिशय बारकाईने कापलेले. असे चाक बनवायला चांगला कारखाना लागतो. दुसरा पर्याय टेलिफोन केंद्रातल्या रिलेचा, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या चुंबकी बटणाचा. पण असे रिले हजारोंनी लागले असते. त्यांना पैसाही हवा आणि जागाही.

त्सूझेने वेगळाच मार्ग काढला. दहा आकड्यांची पद्धतच त्याने सोडली आणि शून्य व एक अशा दोनच अंकांवर यंत्र चालवायचे ठरवले. दोनच अंक असले की दहा दात्यांचे चाक लागत नाही. पत्र्याची एक साधी पट्टी पुरते. पट्टी इकडे असली तर शून्य, तिकडे सरकली तर एक. आणि पट्टी कुणालाही कापता येते. मित्रांनी हातकरवती घेतल्या आणि दिवाणखान्यात पत्रे कापण्याचा उद्योग सुरू झाला. आज जगातला प्रत्येक संगणक, आमच्या नातवाचा धरून, शून्य आणि एक यांवरच चालतो. त्सूझेला ती पद्धत मुळातच सुटसुटीत वाटली हे खरे. पण ती त्याच्या खिशालाही परवडणारी होती, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

हेल्मुट श्रायर नावाचा त्याचा मित्र चित्रपटगृहात यंत्रावर काम करी. यंत्राला द्यायच्या आज्ञा भोके पाडून कशावर नोंदवायच्या, हा प्रश्न त्याच्यामुळे सुटला. कागद फाटतो, सिनेमाची ३५ मिलिमीटरची टाकाऊ फिल्म फाटत नाही आणि फुकटात मिळते.

कुर्ट पांके नावाचे एक हिशेबयंत्रांचे उत्पादक होते. त्सूझेने त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी या क्षेत्रात आता शोधण्यासारखे काही उरलेले नाही असे ऐकवले. तरीही ते घरी आले, पसारा पाहिला आणि पैसे देऊन गेले. क्षेत्रभेटीला निघालेला अधिकारी कार्यालयात काय बोलला आणि जागेवर जाऊन काय लिहून आला यात असा फरक पडतो, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे.

१९३८ साली यंत्र उभे राहिले. पुढे त्याला ‘झेड १’ हे नाव मिळाले. वजन सुमारे एक टन, स्मरणात ६४ संख्या राहत, प्रत्येक संख्या २२ द्विअंकांची. आकडे साठवणारा भाग छान चालला. गणित करणारा भाग मात्र वरचेवर अडकून बसे. हाताने कापलेल्या हजारो पट्ट्या. एक तसूभर इकडेतिकडे झाली की सगळे ठप्प.

त्यावर त्सूझेने जे केले ते आमच्या नातवाला ऐकताक्षणी पटले. त्याने यंत्र मोडीत काढले नाही. चालणारी पत्र्याची स्मृती तशीच ठेवली आणि फक्त गणिताचा भाग बदलून तिथे टेलिफोनचे जुने रिले बसवले. हा ‘झेड २’. जुन्या कॉम्प्युटरात फक्त नवे कार्ड घालणारी आजची मुले याहून वेगळे काय करतात!

युद्ध

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि त्सूझेला सैन्यात बोलावणे आले. त्याला रजा मिळावी, त्याचे यंत्र विमानांच्या गणितांना उपयोगी पडेल, असे पत्र पांके यांनी लिहिले. जर्मन विमाने जगात सर्वोत्तम आहेत, त्यांत आणखी कसली गणिते करायची, अशा अर्थाचे उत्तर वरिष्ठाकडून आले. श्रायरची कल्पना तर रिलेच्या पुढची होती. रेडिओतल्या व्हॉल्व्हचा संगणक, हजारपट वेगवान. लष्कराने वेळ किती लागेल ते विचारले. दोन वर्षे, असे उत्तर ऐकल्यावर तोपर्यंत आपण युद्ध जिंकलेलेच असू म्हणून तो प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. सर्वांत चांगला भाग नजरेसमोर होता, पण तो मिळण्याची सोय नव्हती. त्सूझे रिलेकडे वळला.

सहा महिन्यांनी सैन्यातून सुटून तो पुन्हा हेन्शेलमध्ये आला. १२ मे १९४१ रोजी त्याने ‘झेड ३’ काही शास्त्रज्ञांना चालवून दाखवला. दोन हजारांहून जास्त रिले. त्यांतले चौदाशेच्या आसपास नुसते ६४ संख्या लक्षात ठेवण्यासाठी. आज्ञावलीवर आपोआप चालणारा, काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून इतिहासात याची नोंद आहे.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे बरे नव्हे. हेन्शेलमध्ये त्सूझे ज्या विभागात होता तिथे विमानातून सोडायचे, दूरनियंत्रित बॉम्ब तयार होत. त्यांच्या पंखांतला फरक मोजून दुरुस्ती सांगणारी दोन खास यंत्रे त्याने बांधली. आघाडीवर जाण्यापासून तो वाचला तो याच कामामुळे, आणि त्याच्या संगणकाला पैसा मिळाला तोही हिटलरच्या राजवटीतल्या संस्थांकडूनच. घरच्यांच्या पैशातून सुरू झालेले काम असे हळूहळू दुसऱ्याच्या पैशावर गेले, आणि पैसा ज्याचा, त्याचे काम आधी. त्सूझेला हे दिसत नव्हते असे मला वाटत नाही.

ज्या बॉम्बच्या जगात ही यंत्रे वाढली, त्याच बॉम्बने ती संपवली. १९४३-४४ च्या बर्लिनवरच्या हल्ल्यांत ‘झेड १’ आणि त्याचे आराखडे जळाले, ‘झेड ३’ ढिगाऱ्याखाली गेला. उरला तो अर्धवट बांधलेला ‘झेड ४’. १९४५ च्या आरंभी त्सूझेचे लग्न झाले होते. पत्नी गिझेला गरोदर, शहर कोसळत चाललेले, आणि हा माणूस यंत्र घेऊन निघाला. आधी ग्योटिंगेन. तिथून यंत्र डोंगराच्या पोटातल्या शस्त्र-कारखान्यात हलवायचा हुकूम झाला. तिथे राबणाऱ्या कैद्यांचे हाल त्याने पाहिले आणि यंत्र तिथे ठेवायचे नाही असे ठरवले. मग बव्हेरियाच्या डोंगरातल्या हिंटरश्टाइन या खेड्यात एका कोठारात ते लपवून ठेवले.

बुद्धिबळ

त्या खेड्यात यंत्र चालवता येत नव्हते. भाग मिळत नव्हते, पैसा नव्हता. लाकडावर कोरलेली चित्रे छापून त्सूझे ती विकत असे. आणि फावल्या वेळात त्याने कागदावर एक भाषा रचली, ‘प्लानकालक्यूल’. यंत्राला काम सांगण्याची ही जगातली पहिली वरच्या दर्जाची भाषा समजतात. तिची परीक्षा घ्यायला त्याने उदाहरण निवडले ते बुद्धिबळाचे. कोणती खेळी नियमात बसते हे यंत्राने कसे ठरवायचे, याची पानेच्या पाने त्याने लिहिली. त्यासाठी तो मुद्दाम बुद्धिबळ शिकला. पन्नास वर्षांत यंत्र जगज्जेत्याला हरवेल असे त्याने १९३८ सालीच मित्रांना सांगून ठेवले होते म्हणतात. ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला हरवले ते १९९७ मध्ये. नऊ वर्षांनी चूक. गेम हा पोरखेळ नव्हे असे नातू मला सांगतो, तेव्हा मी हल्ली वाद घालत नाही.

१९४९ साली झुरिकच्या तंत्र विद्यापीठातले प्राध्यापक श्टिफेल त्याला शोधत आले. त्यांनी एक समीकरण दिले, त्सूझेने फिल्मवर भोके पाडली, ‘झेड ४’ने उत्तर दिले. तीस हजार स्विस फ्रँक, पाच वर्षांचे भाडे. १९५० मध्ये यंत्र झुरिकला गेले आणि रात्री-बेरात्री एकटेच खडखडत काम करू लागले.

पुढची हकिकत लवकर सांगतो. भाड्याच्या पैशावर कंपनी निघाली, तिने एकंदर २५१ संगणक बांधले. मागणी वाढली तसे भांडवल कमी पडले, कर्ज वाढले, १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि मग सीमेन्समध्ये विलीन झाली. १९४१ साली मागितलेले पेटंट १९६७ मध्ये, सव्वीस वर्षांनी, नाकारले गेले.

आणि मग १९८६ साली, पंचाहत्तरी उलटलेल्या त्सूझेने पुन्हा ‘झेड १’ बांधायला घेतला. आराखडे जळालेले, आठवणीतून सगळे नव्याने काढले. या वेळी पैसा मोठ्या कंपन्यांचा होता, हवा तो भाग हवा तसा बनवून मिळत होता. तरी त्याने रिले घातले नाहीत, चिप घातल्या नाहीत. त्याच पत्र्याच्या पट्ट्या. १९८९ मध्ये ते यंत्र पुरे झाले. बर्लिनच्या तंत्र संग्रहालयात ते आहे. १८ डिसेंबर १९९५ रोजी ह्युनफेल्ड गावी त्याचे निधन झाले.

नातवाला हे सगळे सांगितले तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांचे पैसे परत मिळाले का?

मला उत्तर देता आले नाही. मी एक छोटी मुदत ठेव मोडली. त्याने आपणहून यादीतले रंगीत दिव्यांचे कॅबिनेट खोडले आणि वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरचे कॅबिनेट माळ्यावरून काढले. बाकीचे भाग आम्ही दोघांनी लॅमिंग्टन रोडवरून आणले. रविवारी दुपारी दिवाणखान्यात वर्तमानपत्र अंथरून जोडणी सुरू झाली. संध्याकाळी बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळाच. रॅमची पट्टी खाचेत पुरती बसली नव्हती, हे कळायला रात्रीचे अकरा वाजले. पडद्यावर अक्षरे उमटली तेव्हा वडील जमिनीवर बसून स्क्रू मोजत होते, आणि जिने तो कागद वाचला नव्हता ती आई टॉर्च धरून उभी होती.