न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी : वर्धापनदिनी एक स्मरण

वाचकहो, वर्धापनदिन आला की महाविद्यालयाचे आवार सजते. मांडव पडतो, पताका लागतात, गुणवंत विद्यार्थ्यांची मंडळे उत्साहाने धावपळ करतात, पाहुण्यांना हारतुरे होतात. संध्याकाळी सतरंज्या गुंडाळल्या की सारे आटोपते. हा आनंद गैर नाही. परंतु संस्था स्थापन करणे एका दिवसाचे काम आहे, ती चालविणे हे आयुष्यभराचे काम आहे, एवढे त्या दिवशी आठवले पाहिजे. हे काम ज्यांनी ३२ वर्षे केले, अशा एका थोर पुरुषाची ओळख या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांस करून देत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळजण अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले असतील. पूर्वी बोरीबंदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे नाव असलेल्या स्थानकातून बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडे एक जुनी, देखणी इमारत दिसते. घाईच्या माणसाचे तिकडे लक्ष जात नाही. ती अंजुमन-इ-इस्लामची इमारत, १८९३ सालची. त्या इमारतीमागे उभे असलेले नाव म्हणजे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी.

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यबअली हे खंबायतच्या घराण्यातले सुलेमानी बोहरा व्यापारी होते. व्यापाऱ्याच्या मुलाने गादीवर बसावे असा तो काळ. इंग्रजी शिक्षणाविषयी समाजात भीती होती. इंग्रजी शिकलेला मुलगा दीन विसरेल, असे पुष्कळांस वाटे. मुल्ला तय्यबअली स्वतः धर्मनिष्ठ होते, तरीही त्यांनी आपल्या मुलांना शिकण्यासाठी विलायतेस धाडले. त्यांपैकी कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. पालकहो, एका पित्याच्या या निर्धारातून पुढचा सारा इतिहास घडला, हे ध्यानात ठेवा.

बदरुद्दीन प्रथम मदरशात व नंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा दिली आणि कायद्याच्या अभ्यासाला आरंभ केला. परंतु डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी क्षीण झाली की १८६४ मध्ये अभ्यास सोडून त्यांना घरी परतावे लागले. विद्यार्थी मित्रांनो, येथेच त्यांचे शिक्षण संपले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. डोळ्यांचे दुखणे मात्र जन्मभर त्यांच्या सोबतीस राहिले.

वकिलीत पैसा व नाव दोन्ही मिळू लागले. पण त्यांचे लक्ष समाजाकडे होते. मुंबईच्या मुसलमानांत कोकणी, मेमन, बोहरा, खोजा असे अनेक गट. कोणाची बोली गुजराती, कोणाची कच्छी, कोणाची कोकणी, तर कोणाची उर्दू. प्रत्येकाची जमात वेगळी आणि शिक्षणात मात्र सारेच मागे. १८७४ मध्ये बदरुद्दीन, बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद आदी मंडळींनी एकत्र येऊन अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. या सर्व गटांना एका छपराखाली आणणारे एकच काम होते, ते म्हणजे मुलांचे शिक्षण.

शाळा मात्र लगेच निघाली नाही. ती सुरू व्हायला १८८० साल उजाडले. मधली सहा वर्षे सभा, वर्गणी, अर्ज, विनवण्या यांत गेली. ही सहा वर्षे कोणत्याही समारंभात आठवली जात नाहीत, आणि संस्थेचा खरा पाया त्याच वर्षांत घातला जात असतो. बदरुद्दीन आधी अंजुमनचे चिटणीस होते, पुढे अध्यक्ष झाले. महानगरपालिकेत, विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, कायदेमंडळात, जेथे जेथे त्यांना जागा मिळाली तेथे तेथे ते मुसलमान मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न घेऊन गेले. त्या काळच्या सरकारी शिक्षण आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

१८८७ मध्ये मद्रास येथील राष्ट्रसभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. राष्ट्रसभेचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांना मुसलमानांनी राष्ट्रसभेत जाणे मान्य नव्हते. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत. पण दोघांचेही ध्येय समाजाची तालीम हेच होते. पुढे १९६२ ते १९६५ या काळात अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणारे बदरुद्दीन तय्यबजी हे याच न्यायमूर्तींचे नातू होत. आजोबांचा ज्यांच्याशी वाद झाला त्यांचे रोपटे नातवाने सांभाळले. मतभेद आणि वैर यांतला फरक यापेक्षा चांगला कोण शिकवील?

१८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधी नाकारण्यात आलेला जामीन त्यांना न्यायमूर्ती तय्यबजींनी दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रसभेचे अधिवेशन आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस भरले होते. १९०२ मध्ये हंगामी मुख्य न्यायाधीशपदाचा मान त्यांना मिळाला.

मुलींच्या शिक्षणाविषयी ते केवळ बोलले नाहीत. आपल्या मुलींना त्यांनी शाळेत घातले, पुढे विलायतेसही पाठविले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला व कडक पडद्याविरुद्ध मत मांडले. त्या काळी हे मत अनेकांना रुचणारे नव्हते. न्यायाधीशाला लोकप्रिय होण्याची गरज नसते, तसेच समाजसेवकालाही नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. अंजुमनशी असलेला त्यांचा संबंध अखेरपर्यंत तुटला नाही. २०२४ मध्ये अंजुमनला १५० वर्षे पूर्ण झाली. पहिल्या शाळेच्या मागोमाग महाविद्यालये व तंत्रनिकेतन उभे राहिले. त्यांचे दुसरे नातू सैफ तय्यबजी यांच्या नावाची मुलींची शाळाही मुंबईत आहे.

वाचकहो, आपली मुले घरी उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात मराठी-इंग्रजी बोलतात. मुंबईच्या त्या मुलांची भाषांची ओढाताण याहून निराळी नव्हती. आपल्याकडेही वर्गणी वेळेवर येत नाही, सभेला माणसे जमत नाहीत, दहावीनंतर मुलीला घरी बसविण्याची घाई होते. म्हणून यंदाच्या वर्धापनदिनी संस्थेला किती वर्षे झाली एवढेच मोजू नका. आपल्या मोहल्ल्यातील किती मुले व किती मुली यंदा शाळा सोडून घरी बसली, तेही मोजा. त्यांतील एकीला जरी आपण पुन्हा वर्गात आणून बसविले, तरी न्यायमूर्ती तय्यबजींचे स्मरण सार्थकी लागले असे होईल. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी व हिंमत देवो!