विश्लेषण : बार्शीच्या रुळांपासून बोरघाटातील बोगद्यांपर्यंत... वालचंद हिराचंद यांची बांधकाम कंपनी कशी वाढली?

बांधकाम कंपनीने आज घेतलेले काम तिला उद्या कोणते काम मिळणार, हे ठरवते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण.

सुरुवात कशी झाली?

वालचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. घरचा व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी ठेकेदारी सुरू केली. पहिले काम होते बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या मार्गाचे.

छोट्या कामाचा फायदा काय?

ठेक्यात आधी खिशातून खर्च करावा लागतो, बिलाचे पैसे नंतर मिळतात. काम पेलण्याइतकेच असेल, तर पैसा कमी अडकतो आणि अनुभव नावावर जमा होतो. मोठा ठेका देताना असाच अनुभव पाहिला जातो.

मोठी उडी कधी?

मोठ्या कामाला मोठे भांडवल लागते. १९२० मध्ये वालचंद टाटांसोबत आले आणि टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी (एचसीसी) स्थापन झाली. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाटातील बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी कामे त्यांच्या नावावर आहेत.

अवघड कामेच का महत्त्वाची?

साधा भराव अनेक ठेकेदार टाकू शकतात. तिथे दर पाडूनच काम मिळते. डोंगर फोडून बोगदा काढणारे मोजकेच. अशा कामात जोखीम मोठी असते. पण त्यातून तयार झालेले अभियंते, कारागीर आणि यंत्रे पुढच्या कामालाही उपयोगी पडतात.

प्रत्येक निवड फळली का?

नाही. बांधकामाबाहेरही त्यांनी मोठी कामे हाती घेतली. १९१९ मध्ये सुरू केलेल्या सिंदिया जहाज कंपनीला ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड द्यावे लागले. १९४० मध्ये बंगळूरुत उभारलेल्या विमान कारखान्यातील त्यांचा हिस्सा सरकारने दोनच वर्षांत विकत घेतला. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

एचसीसीने कोयना धरण आणि २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. याच समूहाने लवासा हे डोंगरातील शहर उभारायला घेतले. तिथे ठेकेदाराचे बिल नव्हते. घरे विकून पैसा उभा करायचा होता. कर्ज थकले आणि २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बांधण्याचे कौशल्य आणि विकण्याची जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम निवडताना हा फरक नजरेआड झाला, तर जुन्या, नावाजलेल्या कंपनीलाही त्याची किंमत मोजावी लागते.