कै. ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

एडवणसारख्या समुद्रकाठच्या गावी पंचांगाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. अमावास्या-पौर्णिमेस उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशेब तिथीवरूनच बसविला जातो. परंतु जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागले, तर कोणास प्रमाण मानावे? आकाशासच, असे उत्तर देऊन ज्यांनी त्यापायी आयुष्य वेचले, ते कै. व्यंकटेश बापूजी केतकर होत.

त्यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. पेशाने ते शिक्षक. बागलकोट येथे त्यांनी अध्यापन केले. कोणत्याही वेधशाळेचे ते अधिकारी नव्हते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी पाश्चात्त्य ज्योतिषाचा अभ्यास केला आणि त्यातील सूक्ष्म माने घेऊन ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ संस्कृतात सिद्ध केला. ग्रह गणिताने जेथे येतो, तेथेच तो डोळ्यांस दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

गुरूचे आयो, युरोपा व गॅनिमीड हे तीन चंद्र विलक्षण मेळाने फिरतात. गॅनिमीडची एक प्रदक्षिणा होते, तोवर युरोपाच्या दोन व आयोच्या चार होतात. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने उलगडलेला हा मेळ केतकरांनी दूरच्या ग्रहांस लावून पाहिला आणि १९११ साली फ्रेंच ज्योतिष मंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडील दोन ग्रहांचे भाकीत केले. त्यांस त्यांनी ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे, असे त्यांचे गणित होते. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट व काल २४८ वर्षे भरला. त्याच वर्षी केतकर निवर्तले.

तथापि त्यांच्याच कसोटीने त्यांचे भाकीतही पारखले पाहिजे. विष्णू आढळला नाही. नेपच्यून व प्लूटो यांचे प्रमाण तीनास दोन असे निघाले. गुरूच्या चंद्रांचे प्रमाण तेथे लागू पडत नाही. आकडे जवळ आले, म्हणून त्यामागील तर्क खरा ठरत नाही.

गुरूच्या चंद्रांमधील मेळ मात्र खराच आहे, आणि त्याची खूण त्यांच्या पृष्ठभागावर उमटली आहे. आकाशातून पडणाऱ्या पाषाणांनी विवरे होतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच आघाताने झाले. ज्या भूमीत काही बदल होत नाही, तीवर विवरे साठत जातात. जी नवी होत राहते, तीवरील पुसली जातात. म्हणून विवरांची संख्या पाहून भूमीचे वय ताडता येते. १९७९ साली व्हॉयेजर यानांनी गुरूच्या चंद्रांची जवळून छायाचित्रे घेतली. मेळाबाहेरचा कॅलिस्टो हा हिममय चंद्र विवरांनी खच्चून भरलेला दिसला. त्याचे पृष्ठ सुमारे ४०० कोटी वर्षांचे आहे. युरोपाच्या हिमावर मोठी विवरे अगदी थोडी आढळली. ते पृष्ठ अवघे ४ ते ९ कोटी वर्षांचे मानतात. कारण या मेळामुळे युरोपाची कक्षा किंचित लांबट राहते. त्यामुळे, चंद्र आपल्या समुद्रास भरती आणतो तसा, गुरू युरोपाचे सारे अंगच कमीअधिक ताणतो. त्या घर्षणाने आत उष्णता उपजते, हिम भंगते व नवे थर वर येतात.

१४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेले. तेथील नायट्रोजनच्या बर्फाच्या एका विस्तीर्ण मैदानावर एकही विवर आढळले नाही. इतक्या थंड व दूरच्या जागीही भूमी पालटत असेल, असे फारच थोड्यांस वाटले होते.

केतकरांस यांपैकी काही पाहावयास मिळाले नाही. परंतु आपले गणित आकाशाशी ताडून पाहावे आणि न जुळल्यास गणित बदलावे, ही त्यांची रीत विद्यार्थ्यांनी आपलीशी करावी. मोठी दुर्बीण सर्वांस लाभत नाही. ही रीत मात्र प्रत्येकास साधण्याजोगी आहे.